हेतूचे वाचन : ‘हेल्टर स्केल्टर’ या ग्रंथातील अर्थनिर्णयाचा प्रश्न

१

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ऑगस्ट १९६९ मध्ये दोन लागोपाठच्या रात्री सात माणसांची हत्या झाली. या खटल्यात सरकारपक्षाचे काम चालविणारा वकील व्हिन्सेंट बुलिओसी याने कर्ट जेन्ट्री या लेखकाच्या साहाय्याने त्याची हकीकत ग्रंथरूपाने लिहिली. ‘हेल्टर स्केल्टर’ या नावाने हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी त्याला गुन्हेविषयक सत्यलेखनाचे एडगर पारितोषिक मिळाले, १९७६ साली त्यावरून दूरचित्रवाणीपट निघाला, आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. अशा लोकप्रिय ग्रंथाकडे विद्यापीठीय अभ्यासकाने वळावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर ग्रंथाच्या विषयातच आहे. वरवर पाहता हा खून, तपास आणि शिक्षा यांचा वृत्तान्त आहे. वस्तुतः त्याचा गाभा अर्थनिर्णय हा आहे. भिंतीवर रक्ताने लिहिलेले काही शब्द, एका गीतसंग्रहातील काही गीते आणि बायबलमधील एक अध्याय यांचा एका माणसाने काय अर्थ लावला, आणि त्याने लावलेल्या त्या अर्थाचा दुसऱ्या माणसाने न्यायालयात काय अर्थ लावला, याची ही कथा आहे. साहित्य आणि भाषा यांच्या अभ्यासकाला याहून जवळचा विषय क्वचितच मिळेल.

घटनाक्रम थोडक्यात असा. ९ ऑगस्ट १९६९ च्या पहाटेपूर्वी सिएलो ड्राइव्हवरील एका बंगल्यात अभिनेत्री शॅरन टेट, जे सेब्रिंग, अॅबिगेल फोल्जर, वॉयचेक फ्रायकोव्स्की आणि स्टीव्हन पेरेंट हे पाच जण मारले गेले. टेट त्या वेळी साडेआठ महिन्यांची गरोदर होती. पुढील रात्री वेव्हर्ली ड्राइव्हवरील घरात लेनो आणि रोझमेरी लाबियांका या दांपत्याचा खून झाला. हे खून चार्ल्स मॅन्सन याच्याभोवती जमलेल्या तरुण-तरुणींनी केले होते. हा समूह स्वतःला ‘फॅमिली’, म्हणजे ‘कुटुंब’, म्हणवीत असे. १५ जून १९७० रोजी सुरू झालेल्या खटल्यात मॅन्सन, सुझन अॅटकिन्स, पॅट्रिशिया क्रेनविंकल आणि लेस्ली व्हॅन हूटन या चौघांना २५ जानेवारी १९७१ रोजी दोषी ठरविण्यात आले, आणि मार्चअखेर ज्यूरीने देहदंडाचा निर्णय दिला. चार्ल्स ‘टेक्स’ वॉटसन याच्यावर त्याच वर्षी स्वतंत्र खटला होऊन तोही दोषी ठरला. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने देहदंडच अवैध ठरविल्यामुळे या सर्वांच्या शिक्षा जन्मठेपेत रूपांतरित झाल्या. मॅन्सन २०१७ साली कैदेतच मरण पावला.

येथे परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. अशा समूहांसाठी इंग्रजीत जो निंदाव्यंजक शब्द रूढ आहे, त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ हे शब्द महानुभाव आणि वारकरी परंपरांशी निगडित असल्यामुळे आदरार्थी आहेत. ‘टोळी’ म्हटले तर श्रद्धेचा अंश निसटतो. म्हणून पुढील विवेचनात त्या समूहाने स्वतःला दिलेले ‘कुटुंब’ हेच नाव अवतरणचिन्हांत वापरले आहे. ते नाव निवडण्यातच त्या समूहाच्या भाषेचे एक मर्म आहे, हे पुढे दिसून येईल.

२

प्रथम ग्रंथाची निवेदनपद्धती पाहू. आरंभीचे दोन भाग तृतीयपुरुषी निवेदनात आहेत. दिनांकांच्या शीर्षकांखाली घटना मांडल्या जातात. पोलीस येतात, पुरावे गोळा होतात, आणि नष्टही होतात. फाटक उघडण्याच्या कळीवर रक्ताचा ठसा होता. बाहेर पडण्यासाठी एका पोलिसाने तीच कळ दाबली. खुनात वापरलेले रिव्हॉल्व्हर १ सप्टेंबर रोजी एका शाळकरी मुलाला सापडले. ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून त्याने ते जपून धरले, पण ते ताब्यात घेणाऱ्या पोलिसाने दोन्ही हातांनी हाताळले, आणि पुढे साडेतीन महिने ते शहरातल्याच एका पोलीस ठाण्यात पडून राहिले. जुलैअखेर गॅरी हिनमन याचा खून झाला होता आणि तेथेही भिंतीवर रक्ताने डुकराचा उल्लेख केलेला होता. हे साम्य दुसऱ्या पोलीसदलातील अधिकाऱ्यांनी टेट खुनांच्या तपासपथकाला दुसऱ्याच दिवशी कळविले, तरी पथकाने त्याकडे लक्ष दिले नाही. कारण हे प्रकरण मादक द्रव्यांच्या व्यवहारातून उद्भवले, असा त्याचा ग्रह झाला होता.

या तपशिलांची निवड अर्थपूर्ण आहे. पोलिसांच्या प्रत्येक चुकीत चिन्ह समोर असते, पण वाचणारा नसतो. तिसऱ्या भागात, १८ नोव्हेंबर १९६९ या दिनांकाखाली, ग्रंथात प्रथमच ‘मी’ अवतरतो. हे प्रकरण हाती आले त्या दिवशी आपल्याला जेवढे ठाऊक होते त्याहून कितीतरी अधिक वाचकाला आता ठाऊक आहे, अशा आशयाचे विधान निवेदक तेथे करतो. हे विधान दिसते विनयाचे, परंतु त्याचे कार्य निराळे आहे. आतापर्यंत न वाचल्या गेलेल्या चिन्हांचा ढीग वाचकापुढे साठला आहे, आणि ती चिन्हे वाचणारा आता आला आहे, असे ते सूचित करते. तृतीयपुरुषाकडून प्रथमपुरुषाकडे झालेले हे संक्रमण म्हणजे अव्यवस्थेकडून व्यवस्थेकडे झालेले संक्रमण होय.

या रचनेची किंमतही ध्यानात घ्यावयास हवी. जो ‘मी’ वृत्तान्त सांगतो तोच खटल्यातील एक पक्षकार आहे. न्यायालयात त्याच्या प्रत्येक विधानापुढे बचावपक्षाचे वकील उभे होते. ते वारंवार आक्षेप घेत, आणि ग्रंथात त्यांची विनोदी वाटावीत अशी चित्रेही येतात. ग्रंथात मात्र तेही निवेदकाच्याच शब्दांत बोलतात. न्यायालयात उलटतपासणी होती. ग्रंथात ती नाही. ती वाचकाने करावयाची असते.

३

आता ज्या शब्दांवर हा सारा अर्थव्यवहार उभा आहे त्यांकडे वळू. सिएलो ड्राइव्हच्या घराच्या दारावर डुकराचा वाचक असा एकच इंग्रजी शब्द, ‘पिग’, रक्ताने लिहिलेला होता. वेव्हर्ली ड्राइव्हवर भिंतींवर डुकरांना मरण चिंतिणारा शब्दसमूह आणि ‘राइज’, म्हणजे ‘उठा’, हा शब्द होता, आणि शीतकपाटावर ‘हेल्टर स्केल्टर’ हे दोन शब्द होते. यांपैकी पहिला शब्द चुकीच्या वर्णलेखनाने लिहिलेला होता. त्यात ‘ए’ हे एक अक्षर अधिक होते.

‘हेल्टर स्केल्टर’ हे इंग्रजीतील यमकयुक्त जोडशब्दांपैकी एक आहे. मराठी व्याकरणकार ज्यांना अंशाभ्यस्त म्हणतात त्या ‘अस्ताव्यस्त’, ‘उलटसुलट’, ‘सैरावैरा’ यांसारख्या शब्दांच्या जातीचा तो आहे, आणि गोंधळाने, धांदलीने हा त्याचा जुना अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. परंतु इंग्लंडमध्ये या शब्दाला आणखी एक मूर्त अर्थ आहे. जत्रेत उंच मनोऱ्याभोवती गोलगोल उतरणारी मुलांची जी घसरगुंडी असते तिला तेथे हेच नाव आहे. ‘बीटल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९६८ मध्ये काढलेल्या पांढऱ्या वेष्टनाच्या ध्वनिमुद्रिकासंचात या नावाचे गीत आहे. ब्रिटिश श्रोत्याच्या मनात त्या नावाने प्रथम ही घसरगुंडी उभी राहते. अमेरिकन इंग्रजीत हा अर्थ रूढ नाही. मॅन्सनने या रिकाम्या जागी स्वतःचा अर्थ बसविला. कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय यांच्यात सर्वनाशी युद्ध पेटेल, त्या काळात ‘कुटुंब’ मृत्युदरीतील एका विवरात लपून राहील, आणि युद्धानंतर बाहेर येऊन राज्य करील, असे ते भाकीत होते. साक्षीदारांच्या मते या सर्व भाकिताला त्याने ‘हेल्टर स्केल्टर’ हेच नाव दिले होते. एका बोलीत मुलांच्या खेळाचे साधन असलेला शब्द समुद्र ओलांडून दुसऱ्या बोलीत युगान्ताचे नाव झाला. अर्थांतराची इतकी भयंकर उदाहरणे भाषेच्या इतिहासात फार नसतील.

वर्णलेखनातील चूकही बोलकी आहे. गीताचे नाव ध्वनिमुद्रिकेबरोबर शुद्ध छापलेले होते. तरीही लिहिणाऱ्या हाताने इंग्रजीतील ‘आरोग्य’वाचक शब्दाच्या धर्तीवर स्वर लिहिला. यावरून तो शब्द त्या समूहात छापील रूपाने नव्हे, तर मुखोद्गत फिरत होता, असे अनुमान करण्यास जागा आहे. लेखन क्रेनविंकलचे, असा सरकारपक्षाचा दावा होता. तिला हस्ताक्षराचा नमुना देण्यास सांगितले असता तिने नकार दिला, आणि तो नकारच परिस्थितिजन्य पुरावा म्हणून पुढे ठेवला गेला. न लिहिणे हेही येथे एक विधान ठरले.

आणखी एक गोष्ट ग्रंथात विखुरलेली आहे, पण ग्रंथकाराने ती एकत्र करून पाहिलेली नाही. ‘कुटुंबा’ची शब्दसंपत्ती जवळजवळ सारी बालबोलीतील आहे. समूहाचे नाव ‘कुटुंब’. डुक्कर या अर्थाचा शब्द हिनमनच्या भिंतीवर लाडिक लघुत्वदर्शक प्रत्यय लावून आलेला. अनोळखी माणसांच्या घरांत रात्री शिरून, झोपलेल्या माणसांभोवती सरपटत फिरण्याच्या सरावाला दिलेले ‘क्रीपी क्रॉल’ हे नाव मुलांच्या तोंडी असणाऱ्या किडामुंगीच्या नावावरून घडविलेले. आणि या सर्वांच्या शिरोभागी घसरगुंडीचे नाव. सदस्यांना नवी नावेही मिळत. बाळाचे बारसे व्हावे तसा हा प्रकार होता. कृत्याला त्याचे प्रौढ नाव न देता खेळातले नाव दिले की त्याची जबाबदारीही खेळातलीच राहते. लिंडा कासाबियन ही माफीची साक्षीदार होती. ‘का’ असे कधीही विचारू नये, असे आपल्याला तेथे सांगितले जाई, ही तिची साक्ष या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्रश्नार्थक शब्दांपैकी नेमका कारणवाचकच ज्या भाषेतून काढून टाकला आहे, त्या भाषेत मूल मोठे होऊ शकत नाही. मॅन्सनच्या सत्तेची चर्चा करताना ग्रंथ मादक द्रव्ये, संभोग आणि भय यांवर भर देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच साक्षींतून दिसणारी ही भाषिक सत्ता त्याहून कमी महत्त्वाची नव्हती.

४

खटल्यात हेतूला इतके महत्त्व का आले, हे समजून घेतल्याशिवाय ग्रंथाचे मूल्यमापन होऊ शकत नाही. कायद्याने सरकारपक्षावर हेतू सिद्ध करण्याचे बंधन नसते, हे बुलिओसी स्वतः स्पष्ट करतो. वॉटसन आणि क्रेनविंकल यांच्या बोटांचे ठसे सिएलो ड्राइव्हच्या घरात मिळाले होते. त्यांच्यासाठी हेतूचा शोध जवळजवळ अनावश्यक होता. परंतु मॅन्सन पहिल्या रात्री त्या घरी गेलाच नव्हता. दुसऱ्या रात्री, साक्षीनुसार, त्याने लाबियांका दांपत्याला बांधले आणि तो निघून गेला. त्याच्या हातून एकही वार झाला नव्हता. पहिल्या रात्री मुलींना वॉटसनबरोबर जाण्यास आणि तो सांगेल ते करण्यास त्याने सांगितले, काही अघोरी भासेल अशी खूण मागे ठेवण्यास सांगितले, एवढेच शब्द त्याच्या नावावर होते. हे शब्द अभिधेने पाहिले तर त्यांत खुनाची आज्ञा नाही. त्यांना आज्ञेचे सामर्थ्य प्राप्त होते ते वक्ता, श्रोता आणि त्यांचे पूर्वसंबंध यांच्यामुळे. तो संदर्भ न्यायालयापुढे उभा करणे हेच सरकारपक्षाचे खरे काम होते. जेवायला कोणी कधी बसावे, कोणी कोणाजवळ निजावे, अशा क्षुल्लक बाबींवर साक्षी नोंदविण्यात बुलिओसीने जे दिवस घालविले त्यांचे कारण हेच. ज्यांचा ठसा सापडला त्यांना ठशाने पकडता आले. ज्याचा ठसा नव्हता त्याला अर्थानेच पकडावे लागले.

त्यासाठी ग्रंथकाराने जी पद्धती वापरली ती भारतीय वाचकाला अपरिचित नाही. एखाद्या वाक्यसमूहाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशी लिंगे सांगितली आहेत. बुलिओसीला ती ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याची हेतुमीमांसा याच वाटेने जाते. हिनमनच्या भिंतीपासून लाबियांकांच्या शीतकपाटापर्यंत आरंभ आणि शेवट यांची सांगड तो घालतो. एकच शब्द तीन ठिकाणी पुनरावृत्त होतो, हा अभ्यास. हेतू इतका विलक्षण आहे की कोणी तो कल्पनेने रचणार नाही, हा त्याचा युक्तिवाद म्हणजे अपूर्वतेचा आधार. मॅन्सनचे स्वतःविषयीचे बोलणे आणि शिष्यांनी केलेले त्याचे देवत्वारोपण, हा अर्थवाद. आणि या सर्वांना जोडणारी उपपत्ती म्हणजे ग्रेग जेकबसन, पॉल वॉटकिन्स आणि ब्रुक्स पोस्टन यांच्या साक्षी. यांपैकी जेकबसन ‘कुटुंबा’बाहेरचा होता, इतर दोघे त्यातून बाहेर पडलेले होते. तिघांनीही भाकिताचा जवळजवळ सारखाच आराखडा सांगितला.

एक लिंग मात्र या मांडणीत लंगडे राहते. ते म्हणजे फल. खुनांचा आळ कृष्णवर्णीयांवर यावा आणि युद्ध पेटावे, हे अपेक्षित फल, असे ग्रंथ म्हणतो. युद्ध पेटले नाही, हा काही आक्षेप नव्हे. भ्रमिष्टाची आशा फोल ठरली तरी ती आशाच असते. परंतु तसा आळ यावा म्हणून पुरेसा प्रयत्न झाला होता काय, याचे ग्रंथाने दिलेले उत्तर समाधानकारक नाही. दारावरचा एक शब्द आणि अन्यत्र टाकून देण्याच्या बेताने नेलेले एक पाकीट, एवढ्या सामग्रीवर युगान्ताची योजना उभी राहते. योजनेची भव्यता आणि साधनांची क्षुल्लकता यांतील अंतर ग्रंथकार मॅन्सनच्या वेडावर ढकलून मोकळा होतो.

५

दुसरे वाचनही उपलब्ध होते. हिनमनच्या खुनाबद्दल बॉबी बोसोले याला ६ ऑगस्ट १९६९ रोजी अटक झाली होती. तो कोठडीत असताना तशाच खुणा सोडून दुसरे खून झाले तर खरा खुनी बाहेरच आहे असे भासेल आणि तो सुटेल, यासाठी हे कृत्य झाले, असे शिक्षेच्या टप्प्यात आरोपी स्त्रियांनी सांगितले. बुलिओसीने ते फेटाळले, कारण मॅन्सनला वाचविण्याच्या खटपटीचा तो भाग होता. आणि त्याचा संशय साधार होता. तरीही अर्थनिर्णयाच्या दृष्टीने पाहता या वाचनात एक गुण आहे. शब्दाची पुनरावृत्ती ही पुनरावृत्तीच्या इच्छेचा पुरावा असते, त्या शब्दाच्या विशिष्ट अर्थाचा नव्हे. तीन ठिकाणी आलेले डुक्कर अनुकरणाच्या उपपत्तीने अधिक सरळ उलगडते. उलट ‘राइज’ आणि ‘हेल्टर स्केल्टर’ हे शब्द त्या उपपत्तीने उलगडत नाहीत, कारण ते हिनमनच्या घरी नव्हते. ते युगान्ताच्या उपपत्तीनेच कळतात. म्हणजे एकही वाचन सर्व शब्दांना पुरत नाही. अनेक माणसांच्या हातून घडलेल्या कृत्यात अनेक हेतू एकमेकांत गुंतलेले असू शकतात. ग्रंथ इतर हेतूंची दखल घेतो, पण त्यांना गौण स्थान देतो. ज्यूरीपुढे एकच कथा मांडावी लागते ही वकिलाची गरज होती. ग्रंथ लिहिताना ती गरज उरली नव्हती, पण सवय उरली.

पुढील काळात या एकवाक्यतेवर प्रहार झाले. टॉम ओ’नील याने १९९९ साली एका मासिकासाठी हाती घेतलेले काम वीस वर्षे चालले, आणि २०१९ साली डॅन पीपनब्रिंग याच्या साहाय्याने त्याने ‘केऑस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सिएलो ड्राइव्हच्या घरात पूर्वी राहिलेला संगीतनिर्माता टेरी मेल्चर आणि मॅन्सन यांच्या संबंधांविषयी सरकारपक्षाने न्यायालयापुढे आणलेले चित्र अपुरे होते, असे त्याचे म्हणणे आहे. त्या ग्रंथात संशयाचे जाळे मोठे आहे. निर्णायक उत्तर नाही, आणि ओ’नील तसे कबूलही करतो. ‘हेल्टर स्केल्टर’मध्ये सर्व चिन्हे जुळतात, ‘केऑस’मध्ये एकही पुरते जुळत नाही. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे जुळणीचे समाधान आणि सत्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही साधी गोष्ट पुन्हा ध्यानात येते.

मीमांसेच्या लिंगांमागे एक गृहीत आहे. वेद अपौरुषेय असल्यामुळे त्यात एकही अक्षर निरर्थक असू शकत नाही. हे गृहीत तेथे शास्त्राच्या चौकटीत सुसंगत आहे. मॅन्सनने हेच स्थान एका ध्वनिमुद्रिकेला दिले. तिच्यातील ‘रेव्होल्यूशन नाइन’ या ध्वनिखंडाचे नाव आणि बायबलच्या अखेरच्या पुस्तकाचा नववा अध्याय यांतील ध्वनिसाम्य त्याला संदेश वाटले. त्या अध्यायातील टोळ हे कीटक आणि वाद्यवृंदाच्या नावात सूचित झालेले भुंगे एक ठरले. अॅटकिन्सला ‘सेडी’ हे नाव आधीच मिळालेले होते आणि पुढे संचातही सेडीवर गीत निघाले. हा योगायोग भविष्यवाणी ठरला. ज्या वाचकाच्या लेखी योगायोग नसतोच, त्याचे वाचन खोडून काढता येत नाही.

ग्रंथाची खरी कसोटी येथे आहे. योगायोग न मानणाऱ्या माणसाचे मन वाचताना वाचणाऱ्यानेही योगायोग मानणे सोडले काय? काही ठिकाणी, होय. परंतु या दोन वाचनांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मॅन्सनचे वाचन ‘का’ या प्रश्नाला बंदी घालून टिकले होते. बुलिओसीचे वाचन साडेनऊ महिने त्या प्रश्नाच्या माऱ्याखाली उभे राहिले. कासाबियनची साक्ष अठरा दिवस चालली, आणि तिची उलटतपासणी झाली. चुकीचे ठरण्याची शक्यता ज्या वाचनाने स्वीकारली आहे ते वाचन अपुरे असले तरी प्रामाणिक असू शकते. ग्रंथरूप घेताना ही शक्यता मागे पडली, हा या ग्रंथाचा मुख्य दोष होय.

६

सत्य हकीकतींच्या या प्रकाराविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो : त्यांत मारेकरी नायक होतो आणि मृत विसरले जातात. ट्रूमन कपोटीच्या ‘इन कोल्ड ब्लड’ (१९६६) पासून हा आक्षेप चालत आला आहे. ‘हेल्टर स्केल्टर’ही त्यातून सुटत नाही. ग्रंथातील घटनास्थळांच्या छायाचित्रांत मृतदेहांच्या जागा पांढऱ्या करून टाकलेल्या आहेत. सभ्यतेसाठी केलेली ही योजना नकळत ग्रंथाच्या रचनेचेच प्रतीक ठरली आहे. खोली आहे, सामान आहे, खुणा आहेत. माणसाच्या जागी कोरा आकार आहे. पहिल्या भागात हे सात जण नावागावांनिशी येतात. हेतूचा शोध सुरू झाला की ते मॅन्सनच्या वाक्यातील कर्मे बनून राहतात. मारेकरी जणू लेखक आणि मृत त्याचा मजकूर, असा हा विपरीत संबंध आहे. आणि ज्या पद्धतीने प्रत्येक चिन्हाचा अर्थ कर्त्याच्या मनात शोधला जातो, तिचा हा अटळ परिणाम आहे.

या पद्धतीची मर्यादा दाखविणारा एक मृत्यू ग्रंथातच आहे. स्टीव्हन पेरेंट अठरा वर्षांचा होता. त्या बंगल्यातील कोणाशीही त्याचा संबंध नव्हता. आवारातील छोट्या घरात राहणाऱ्या राखणदाराला तो भेटावयास आला होता. परत निघताना त्याची मोटार फाटकाजवळ पोहोचली आणि मारेकरी त्याच वेळी आत आले. ते काही मिनिटे उशिरा आले असते तर तो घरी गेला असता. युगान्ताच्या भाकितात त्याला जागा नाही. अनुकरणाच्या उपपत्तीतही नाही. मेल्चरवरील रागातही नाही. भिंतीवरचा एकही शब्द त्याला लागू होत नाही. त्याच्या मृत्यूला कारण आहे, अर्थ नाही.

कारण आणि अर्थ यांतील हा भेद प्रत्येक अर्थनिर्णयाने सांभाळावयाचा असतो. हेतूचे वाचन न्यायासाठी आवश्यक होते, आणि बुलिओसीने ते चिकाटीने आणि बुद्धिमत्तेने केले. त्यावाचून आज्ञा देणारा सुटला असता आणि आज्ञा पाळणारे तेवढे अडकले असते, हे श्रेय त्याच्याकडून हिरावून घेता येणार नाही. परंतु ते वाचन जेथे संपते त्यापलीकडेही सत्य शिल्लक असते. या ग्रंथाच्या प्रत्येक साक्षेपी वाचकाने सर्व चिन्हे जुळल्यानंतर जुळणीत न बसलेल्या त्या मोटारीकडे पुन्हा एकदा पाहावे. तेथे वाचण्याजोगे काहीच लिहिलेले नाही, आणि म्हणूनच तेथे थांबणे अवश्य आहे.